खुनाच्या आरोपीला पहिल्या दिवसापासून वकील हवा

एखाद्या क्रूर खुनाने जिल्हा हादरला की मोर्चा निघतो, बाजारपेठ बंद राहते आणि दोन-चार दिवसांत बातमी येते की आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेणार नाही, असा ठराव स्थानिक वकील संघाने केला आहे. ठरावामागचा संताप खरा असतो आणि त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. पण या ठरावाचा पहिला फटका आरोपीइतकाच मृताच्या कुटुंबाला बसतो, हे लक्षात घेतले जात नाही. पोलिसांनी पकडलेला माणूस खरोखर गुन्हेगार आहे का, याची झडती न्यायालयात घेणारे कोणी उरले नाही, तर चुकीचा माणूस तुरुंगात जातो आणि खुनी मोकळा राहतो. महाराष्ट्रात हे घडून गेले आहे.

जून 2003 मध्ये नाशिकजवळच्या एका बागेतील वस्तीवर दरोडा पडला. एकाच कुटुंबातील पाच जणांना ठार मारले गेले आणि बायकांवर अत्याचार झाले. या प्रकरणात भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना अटक झाली. नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर ठरले. पुनर्विचार याचिकेनंतर अपिले नव्याने ऐकली गेली आणि मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळेच लोक ओळखले होते. त्या चौघांविरुद्ध तपास पुढे गेलाच नाही आणि ही ओळख सरकारी पक्षाने दडवली, असा ठपका न्यायालयाने ठेवला. सहा जणांना प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सुमारे 16 वर्षे गेली ती गेलीच. त्या महिलेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले सांगितले होते आणि यंत्रणेने तेच बाजूला सारले. हा अन्याय आरोपींवर झाला, तसा तिच्यावरही झाला.

खुनाचा खटला उभा राहतो तो बहुतेकदा कागदांवर. घटनास्थळाचा पंचनामा, आरोपीने काढून दिल्याचे म्हटलेल्या हत्याराची जप्ती, ओळख परेड, शवविच्छेदन अहवाल, रासायनिक विश्लेषकाचा (सीए) रिपोर्ट. यांतला बराचसा भाग अटकेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तयार होतो आणि नेमक्या त्याच काळात गरीब आरोपीकडे वकील नसतो. जप्तीचा पंच पोलिसांच्या कायमच्या ओळखीतला आहे का, ओळख परेडीआधी साक्षीदाराला आरोपी दाखवला गेला होता का, हे प्रश्न उलटतपासणीत विचारायचे तर माहिती तेव्हाच गोळा करावी लागते. दोन वर्षांनी नेमलेला वकील फक्त दोषारोपपत्र चाळू शकतो. बचाव म्हणजे दर वेळी ‘मी मारलेच नाही’ एवढाच नसतो, हेही सांगितले पाहिजे. बांधावरून अचानक पेटलेल्या भांडणात एकच काठी डोक्यात बसून माणूस गेला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 खालचा खून की कलम 105 खालचा सदोष मनुष्यवध, हे हत्यार, जखमांची संख्या आणि आधीचे वैर यांवर ठरते. पहिल्यात फाशी किंवा जन्मठेप आहे, दुसऱ्यात दहा वर्षांच्या आतही शिक्षा होऊ शकते. स्वसंरक्षणाचा हक्क तर कायद्यानेच दिला आहे. हा फरक न्यायालयापुढे मांडणारा माणूस लागतो.

‘ज्याचा गुन्हा उघड आहे त्याला वकील कशाला?’ हा सगळ्यात जोरदार आक्षेप. त्याला उत्तर मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात पकडलेल्या कसाबच्या खटल्यात आहे. कॅमेऱ्यात दिसलेल्या, हातात बंदूक घेतलेल्या त्या माणसालाही वकील दिला गेला आणि म्हणूनच त्याची फाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत निर्विवाद टिकली. 2012 च्या त्याच निकालात न्यायालयाने सांगितले की आरोपीला पहिल्यांदा हजर केले जाते तेव्हाच त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याच खटल्यात दोन भारतीय सहआरोपीही होते. हल्ल्यासाठी नकाशा पुरवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. मारल्या गेलेल्या दहशतवाद्याच्या रक्ताने माखलेल्या कपड्यांत सापडल्याचे सांगितलेल्या त्या नकाशावर रक्ताचा डाग नव्हता. दोघेही सुटले आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिली. त्यांतल्या एकाचे वकील शाहिद आझमी यांना निकालाआधी, फेब्रुवारी 2010 मध्ये, कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून मारण्यात आले. वकिलाला त्याच्या अशिलाच्या गुन्ह्याचा भागीदार समजण्याची सवय कुठवर जाते, ते इथे दिसते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकील संघांचे असे बहिष्काराचे ठराव बेकायदा ठरवले. आरोपीच्या अपराधाबद्दल स्वतःचे मत काहीही असो, त्याचा बचाव करावा, असे बार कौन्सिलचे नियमच सांगतात. तरीही ठराव होतच आहेत.

सरकार फुकट वकील देतेच, मग तक्रार कसली, असेही विचारले जाते. राज्यघटनेच्या कलम 39 अ मध्ये आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात ती तरतूद आहे, हे खरे. पण नावापुरता वकील उभा करून काय होते, ते मध्य प्रदेशातील खांडव्याच्या एका खटल्यात दिसले. बालिकेवर अत्याचार आणि खुनाचा आरोप असलेल्या तरुणाला 2013 मध्ये दोषारोप निश्चित झाले त्याच दिवशी वकील मिळाला आणि दोन आठवड्यांच्या आत फाशी झाली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकणाऱ्या खटल्यात किमान दहा वर्षे अनुभवाचा वकील असावा आणि तयारीला साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असे न्यायालयाने घालून दिले. पुढे 2024 मध्ये तो तरुण निर्दोष सुटला. घाईने दिलेल्या त्या फाशीतून मुलीच्या आईवडिलांना काय मिळाले?

पैसेवाले आरोपी नामवंत वकील लावून सुटतात, ही चीड रास्त आहे. पण त्यावर उपाय गरीब आरोपीचा वकील काढून घेण्यात नाही. सरकारी बाजूचा तपास पक्का हवा आणि दोन्ही बाजूंना तोडीस तोड वकील हवेत. 2022 पासून जिल्ह्यांत पगारी, पूर्णवेळ बचाव वकिलांची व्यवस्था सुरू झाली आहे, तिला बळ द्यायला हवे. या वकिलांना न्यायवैद्यक तज्ज्ञाचे मत घेण्यासाठी आणि साक्षीपुरावा शोधण्यासाठी वेगळा निधी द्या, खुनाच्या प्रत्येक प्रकरणात पहिल्या रिमांडलाच त्यांना हजर ठेवा. आणि जिल्हा-तालुक्यांच्या वकील संघांनी बहिष्काराचे ठराव मागे घेऊन, ज्याचा सगळ्यांना राग आहे अशा आरोपीसाठी आपल्यातला अनुभवी वकील स्वतःहून द्यावा.