लाल खिमा आणि हिरवा दिवा

मागच्या शनिवारी रूममेटने बीफ खिम्याचं पाकीट उघडलं. वरून लालचुटुक, आत तपकिरी. "शिळं आत भरून वर ताजं लावलंय रे!" म्हणत त्याने अख्खं पाकीट कचऱ्यात टाकलं. आदल्या दिवशीच आणलेलं, फ्रीजमध्ये ठेवलेलं, वर तारीखही शिल्लक. मी स्वतः बीफ खात नाही (आई, वाचत असशील तर निश्चिंत राहा), पण एका जनावराचा जीव गेलाय आणि आपण ते नुसत्या रंगापायी फेकतोय, हे काही पटेना. मग काय, रविवार वाचनात गेला.

तर मंडळी, हा रंग रक्ताचा नसतोच. तो स्नायूतल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. हवा लागली नाही तर जांभळट, भरपूर ऑक्सिजन मिळाला की लालभडक, आणि त्यातल्या लोहाचं ऑक्सिडेशन झालं की तपकिरी. खिम्याच्या आत ऑक्सिजन तोकडा पडतो, म्हणून तिथे तपकिरी लवकर होतं. दुकानदार बिचारा निर्दोष!

खरी गंमत पुढे आहे. लाल रंग किती दिवस टिकणार हे बरंचसं ते जनावर काय खात होतं त्यावर ठरतं. हिरव्या गवतात ई जीवनसत्त्व भरपूर. अमेरिकेत मात्र बहुतेक गुरं शेवटचे काही महिने फीडलॉटमध्ये मका वगैरे धान्यावर पोसतात, आणि त्यात ते फारच कमी. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी खाद्यात ई मिसळून प्रयोग केले. पुढे दिवसाला साधारण ५०० आययू (गोळ्यांच्या पट्टीवर असतं तेच एकक), शंभरेक दिवस, असा हिशेब निघाला. हे ई पेशींच्या पडद्यातल्या चरबीत जाऊन बसतं आणि ती खवट होणं लांबवतं. खवटपणातून निघणारी रसायनंच मायोग्लोबिनला तपकिरी करायची घाई करतात. ती कमी, म्हणून रंग जास्त दिवस टिकतो. नंतर मांसावर ई चोळून तेवढा उपयोग होत नाही. जनावर जिवंत असतानाच ते पोटात जायला हवं.

दुसरा उपाय म्हणजे पाकिटात ०.४ टक्के कार्बन मोनॉक्साइड भरणे. अमेरिकेत चालतो, युरोपियन युनियनमध्ये नाही. यात मांस खराब झालं तरी रंग लालच राहू शकतो. म्हणजे सर्व्हर झोपलाय आणि डॅशबोर्डवर हिरवा दिवा हार्डकोड केलाय! (डेमोच्या आदल्या रात्री मीही हे पाप केलंय, असो.) ई देणं म्हणजे निदान मूळ कोड सुधारणं. म्हणून माझं मत खाद्याच्या बाजूने.

पण ई जंतूंना काही रोखत नाही हां. म्हणजे प्रामाणिक लाल रंगसुद्धा फक्त ऑक्सिडेशनचीच बातमी देतो. खिमा आतपर्यंत १६० फॅरनहाइटला शिजवावाच लागतो, रंग कुठलाही असो. मग गिऱ्हाईक रंग बघून पाकीट उचलतं, म्हणून सगळी यंत्रणा रंगामागे धावते, याला काय म्हणायचं?

काल त्याने परत खिमा आणला. आत तपकिरीच. पठ्ठ्याने तारीख बघितली, वास घेतला, थर्मामीटर शोधला आणि कांदे चिरायला मला बसवलं.