वारशाच्या बंदुका कायमच्या निकामी करून घरी ठेवू द्या : मागणीपत्र

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, पुणे शहर
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय,

पुणे शहरात पिढीजात बंदुका असलेल्या कुटुंबांच्या वतीने हे मागणीपत्र सादर करीत आहोत. आम्हाला बार उडवायचा नाही, काडतुसेही नकोत. पणजोबांची ठासणीची बंदूक किंवा आजोबांची बारा बोअरची दुनळी कायदेशीररीत्या कायमची निकामी करून घरात जपता यावी, एवढेच आमचे मागणे आहे.

परवानाधारक वारला की शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. मुदतीत वारसाने परवाना काढला नाही किंवा शस्त्राची विल्हेवाट लावली नाही, तर ते शासनजमा होऊ शकते. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि वारसाहक्काच्या परवान्यालाही तीच लागू झाली. म्हणजे ज्याला बंदूक चालवायचीच नाही, त्यालाही केवळ आठवण जपण्यासाठी चालत्या शस्त्राचा परवाना घ्यावा लागतो, नाहीतर आठवण सोडून द्यावी लागते. हे शहराच्या सुरक्षिततेच्याही हिताचे नाही. निकामी झालेली प्रत्येक बंदूक ही चोराच्या हाती पडण्याजोगी एक बंदूक कमी.

याला कायद्यात आधार आहे. जुन्या घडणीचे, पुरातन मोलाचे किंवा नादुरुस्त शस्त्र दुरुस्त करूनही चालण्यासारखे नसेल, तर कलम 45 त्याला अधिनियमातून वगळते. प्रश्न उरतो तो हे ठरवायचे कोणी. घरमालकाने नक्कीच नाही, आणि ठाण्यात नुसते पाहूनही ते ठरू नये.

म्हणून आमची मुख्य मागणी : न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या तपासणीनंतर, ठरलेल्या तांत्रिक मानकानुसार, अधिकृत कारागिराकडून शस्त्र निकामी करून द्यावे, त्यावर खूण उठवावी आणि कायम टिकणारे प्रमाणपत्र द्यावे. इंग्लंडमध्ये प्रूफ हाउस अशी खूण व प्रमाणपत्र देतात. मानक कडकच हवे. युरोपात निकामी म्हणून विकलेल्या बंदुका पुन्हा चालू करून गुन्ह्यांत वापरल्या गेल्या, तेव्हा युरोपीय संघाला 2015 मध्ये सर्व सदस्य देशांसाठी एकच नियम करावा लागला. तीच कसोटी आम्हाला लावावी. आमची हरकत नाही.

मात्र घाई नको. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी 1972 चा पुरावशेष कायदा आहे. तोड्याच्या बंदुकीची नळी एकदा कापली की तिचा इतिहासही कापला जातो. आपल्याकडे तोफ शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून तिच्या कानात खिळे ठोकत. तोफ मात्र शाबूत राही. त्याच धोरणाने आधी पुरातत्त्व विभागाच्या जाणकाराने शस्त्र पाहावे. दस्त्यावरची चांदीची पट्टी, नळीवरचे कोरीव काम, कारागिराचा शिक्का आणि अनुक्रमांक यांना कानस लागू नये. काम आतून व्हावे.

दोनच्या मर्यादेमुळे जमा केलेल्या तिसऱ्या बंदुकीलाही ही सोय हवी. अर्ज, शुल्क, मुदत आणि ने-आणीचा परवाना एकाच खिडकीवर मिळावा. वारसांत वाद असेल तर तो मिटेपर्यंत शस्त्र जमाच राहावे.

हे सर्व ठरेपर्यंत, पुणे शहरात जमा असलेले वारशाचे कोणतेही शस्त्र वारसांना लेखी कळवल्याशिवाय मोडीत काढू नये, असा आदेश तातडीने काढावा.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सचिव