अंड्यांसाठी कोणती कोंबडी पाळावी? '३०० अंड्यां'च्या जाहिरातीत न सांगितलं जाणारं गणित

महाराष्ट्रात रोज सुमारे एक कोटी अंड्यांचा तुटवडा आहे, असं राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं होतं. रोजची गरज सव्वादोन कोटींच्या वर आणि उत्पादन त्याच्या जवळपास निम्मं. उरलेली अंडी कर्नाटक, तेलंगण आणि तमिळनाडूतून येत होती. यावर उपाय म्हणून सवलतीच्या दरात पिंजरे आणि व्हाइट लेगहॉर्न कोंबड्या द्यायचा प्रस्ताव तेव्हा पुढे आला होता.

लेगहॉर्नच का? कारण सरळ आहे. या जातीच्या सुधारित कोंबड्या वर्षाला ३०० च्या वर अंडी देतात. एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, म्हणजे ही कोंबडी जवळजवळ निसर्गाच्या मर्यादेपर्यंत पोहोचलेली आहे. गावरान कोंबडी मात्र वर्षाला ६० ते ८० अंड्यांवर थांबते. मग प्रश्नच मिटला, असं वाटू शकतं. पण तसं नाही.

खुडूक कोंबडीचा मुद्दा

गावरान कोंबडी काही अंडी घालते आणि खुडूक होते. मग अंडी देणं बंद. २१ दिवस ती अंड्यांवर बसते, पुढे पिल्लांना घेऊन फिरते. लेगहॉर्नमधून हा गुण पिढ्यानपिढ्या निवड करून काढून टाकला आहे. म्हणून अंडी वाढली, पण पिल्लं काढण्याचं काम मशीनकडे गेलं. कळप संपला की पुन्हा हॅचरीतून पिल्लं विकत आणा. सुधारित जातींची अंडी घरच्या गावरान कोंबडीखाली उबवली तरी पुढची पिढी आईइतकी अंडी देईल याची खात्री नसते, कारण यातल्या बहुतेक जाती संकरित असतात. पिल्लं विकणारे ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

खरा खर्च खाद्याचा

पिंजऱ्यातली लेगहॉर्न दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. वर्षाला ४० किलो. खाद्याचा भाव किलोला ३० रुपये धरला तर १,२०० रुपये झाले. ३०० अंडी मिळाली तर नुसत्या खाद्याचा खर्च अंड्यामागे ४ रुपये. तेवढंच खाद्य खाऊन कोंबडीने १८० अंडी दिली तर तोच खर्च पावणेसात रुपयांच्या आसपास जातो. म्हणजे सगळं खाद्य विकतचं असेल, तर लेगहॉर्नशी कुणीच स्पर्धा करू शकत नाही.

परसात हे गणित उलटं होतं. तिथली कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, किडे, गवत, सांडलेलं धान्य खाते. संध्याकाळी वरून थोडं धान्य टाकलं की भागतं. लेगहॉर्नला अशा खाण्यावर सोडलं तर ती ३०० अंडी देणार नाही. शिवाय पांढराशुभ्र रंग घारीला लांबूनच दिसतो.

मग परसासाठी काय?

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने मोकळ्यावर पाळण्यासाठी ग्रामप्रिया आणि वनराजा या जाती तयार केल्या. ग्रामप्रिया मोकळ्यावर वर्षाला १६० ते १८० तपकिरी अंडी देते. वनराजा वजनाने भारी, अंडी १०० ते ११०. तिच्यात मांसाचा फायदा अधिक. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून आलेली गिरिराजाही अशीच दुहेरी कामाची. फक्त अंडी हवी असतील आणि जागा मोकळी असेल, तर यातली ग्रामप्रिया उजवी ठरते. दरवर्षी पिल्लं आणायची सोय नसेल तर गावरानला पर्याय नाही, अंडी कमी असली तरी.

असील या यादीत कुठेच बसत नाही. ती झुंजीची जात, अंडी मोजकीच.

कडकनाथने काय दाखवलं?

मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही काळी कोंबडी. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते मांसासाठी. वर्षाची अंडी जेमतेम शंभर आणि अंड्याचा रंगही काळा नसतो. तरीही अंडी चढ्या दराने परत विकत घेऊ, असं आश्वासन देऊन सांगली जिल्ह्यातल्या एका कंपनीने शेतकऱ्यांकडून पैसे गोळा केले. २०१९ मध्ये खरेदी थांबली, गुन्हे दाखल झाले आणि हजारो शेतकऱ्यांच्या दारात रोज खाद्य मागणारे पक्षी उरले. दोष कोंबडीचा नव्हता. ग्राहक एकच आणि भाव त्याने ठरवलेला, असा तो धंदा होता.

तपकिरी अंड्याला बाजारात जास्त पैसे मिळतात हे खरं. पण कवचाचा रंग जातीवर ठरतो, त्यावरून पोषण कमी-जास्त होत नाही. तरी ग्राहक त्या रंगासाठी पैसे मोजतो, आणि छोट्या पाळणाऱ्याला नफा तिथेच आहे. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या अंड्याच्या घाऊक भावात २० कोंबड्यांचं खुराडं टिकत नाही. ओळखीच्या घरांत गावरान म्हणून थेट विकलं तर टिकतं.

जात कोणतीही असो, पिल्लं घेताना मरेक्सची लस टोचली आहे का, हे विचारून घ्यावं. मानमोडीच्या, म्हणजे राणीखेतच्या लसी पुढे वेळापत्रकाप्रमाणे द्याव्या लागतात. लस चुकली तर मानमोडी सगळं खुराडं काही दिवसांत रिकामं करू शकते, मग जात ३०० अंड्यांची असो वा ६०.