आजार बिजागरीला, औषध खटक्याला

थंडी पडली की जुन्या गाड्यांच्या रॅली सुरू होतात. पद्मिनी, अँबेसेडर, एखादी डुक्कर फियाट असा ताफा क्रोम चमकवत उभा असतो. मग कुणी मालक दार लावायला जातो आणि सगळ्या थाटाचं पितळ उघडं पडतं. दार खालून उचलून, खांद्याने रेटून, धाडकन आपटावं लागतं.

गॅरेजमधला ठरलेला उपाय म्हणजे खटका ज्या पट्टीत अडकतो ती पट्टी एक सूत खाली घेणे. दार लागतं, पण मूळ झीज तशीच राहते आणि वर्षभरात पट्टी आणखी खाली जाते. झिजलेली असते बिजागरीची पिन. दोन बिजागऱ्यांमधलं अंतर वीत-दीड वीत आणि दार त्याच्या तिप्पट लांब. म्हणजे पिनेवरचा अर्ध्या मिलिमीटरचा खेळ खटक्यापाशी दीड मिलिमीटर होतो. त्यात दाराला रेटा देऊन सीटवरून उठायची आपली सवय. चालकाचं दार आधी उतरतं ते त्यामुळेच.

दुरुस्ती घरी होण्यासारखी आहे. दार अर्धवट उघडून कडेला धरून वर-खाली करा आणि नजर बिजागरीवर ठेवा. पिन हलली तर काम सोपं. दाराखाली जॅक, त्यावर लाकडी फळी आणि जुनं गोणपाट. पिनेवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडायचं, सकाळी पंच लावून हातोडीने ठोकून काढायची. एका वेळी एकच, नाहीतर दार अंगावर येतं. बहुतेकजण इथे घाई करतात आणि जुन्या भोकात तशीच नवी पिन ठोकतात. पण भोक तोवर लांबट झालेलं असतं, त्यात गोल पिन किती दिवस टिकणार? रीमर फिरवून भोक आधी गोल करावं, मग लेथवाल्याकडून किंचित जाड पिन किंवा पातळ पितळी बुश करून घ्यावा. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीची जुनी बिजागरी कुर्ल्याच्याच सीएसटी रोडवर मिळू शकते, पण तीही कुणाच्या तरी दाराने झिजवलेलीच. शिवाय 2021च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते ती मूळ रूप राखलं असेल तरच. मग मूळ बिजागरी फेकायची कशाला?

डुक्कर फियाटवाल्यांनी तर हयगय करूच नये. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला. चालत्या गाडीत खटका सुटला तर वारा दार उघडून फेकतो. 1964च्या फियाट डिलाइट मॉडेलपासून हे दार सरळ झालं, तो धोका गेला.

रंगावर लाखभर खर्चून मग दाराकडे वळणाऱ्यांचं मात्र नवल वाटतं. उतरलेल्या दाराची कड चौकटीला घासते आणि नवा रंग सगळ्यात आधी तिथेच उडतो. बिजागरी आधी, पेंटर नंतर.

आणि दार हलवताना पिनेऐवजी बिजागरीमागचा पत्राच हलला, तर बिजागरी ज्यावर बसते तो खांबच सडलाय. घरचं काम तिथे संपलं. गाडी वेल्डिंगवाल्याकडे न्यावी, पण दार घरी काढून ठेवून नव्हे. नवा पत्रा टाचताना दार जागेवर लावून चारही बाजूंची फट तपासावी लागते. एकदा पक्कं वेल्डिंग झालं की फट जुळवायला कटरच लागतो.