छायाचित्राची मागची बाजू

घरच्या संगणकावरून कौटुंबिक छायाचित्रे महाजालावर चढवणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. ‘फ्लिकर’ २००४ साली आले, गूगलचे ‘पिकासा वेब अल्बम्स’ २००६ साली. आणि कपाटात जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेले अल्बम परदेशीच्या आप्तांपर्यंत पोहोचू लागले. याविषयीचा नेहमीचा आक्षेप खासगीपणाच्या भंगाचा असतो, आणि तो रास्तही आहे. आमचा आक्षेप थोडा निराळा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी तो विचारात घ्यावा, असे आम्हांस वाटते.

घरातला अल्बम पाहण्याइतकाच ऐकण्याचाही असे. पान उलटताना आजी सांगे: ही कोण, मुंज कोणाची, फोटो काढला त्या दिवशी घरात काय चालले होते. पाहुण्यांना एक हकिकत, लेकीला दुसरी. कधी बोलता बोलता दोन पाने एकदम उलटली जात. निवेदक, श्रोता आणि गाळलेल्या जागा हे कथनाचे सारे घटक तेथे हजर असत. स्कॅनरच्या काचेवर आपण चित्र पालथे ठेवतो आणि उतरते ती केवळ पुढची बाजू. मागे पेन्सिलीने लिहिलेली तिथी, स्टुडिओचा शिक्का, ‘चि. बाळूस, काकांकडून सप्रेम’ ही ओळ घरीच राहते. डिजिटल कॅमेरा तारीख, वेळ आणि भिंगाचा तपशील फाइलमध्ये आपण होऊन नोंदवतो. कडेला पदर सावरून उभी असलेली बाई कोण, हे त्यास ठाऊक नसते.

रोलाँ बार्थने १९८० सालच्या ‘ला शांब्र क्लेर’ या पुस्तकात आईच्या बालपणीच्या एका छायाचित्राविषयी सविस्तर लिहिले. ते छायाचित्र मात्र छापले नाही. इतरांच्या लेखी ते चारचौघांसारखेच एक चित्र ठरेल, अशी त्याची भूमिका होती. चित्राचा अर्थ नात्यात असतो आणि ते नाते परक्यापर्यंत शब्दांतूनच पोहोचते, हे बार्थच्या त्या कृतीतून आम्ही शिकतो.

शब्दही कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा पुढचा प्रश्न. ‘पिकासा’ २०१६ साली बंद झाले; त्याआधी २०१४ साली ‘ऑर्कुट’ मिटले. म्हणून चित्राखालची ओळ संकेतस्थळावरच न लिहिता चित्राच्या फाइलमध्येच लिहावी. ‘आयपीटीसी’ या प्रमाणपद्धतीत तशी सोय आहे.

तेव्हा आमचा आग्रह इतकाच: अल्बम चढवण्यापूर्वी वडीलधाऱ्यांजवळ बसावे, नावे विचारावीत, आणि ‘हे चारचौघांत दाखवू का?’ हेही विचारावे. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांस घरातल्या एका छायाचित्राचे निवेदन लिहावयास सांगावे. सांगणारे माणूस घरात आहे, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.