मोडलेली पट्टी

यंदा चिरंजीवांनी आग्रा रोडवरून आकाशकंदिलाचे एक खोके आणले. पट्ट्यांवर आकडे, सोबत चित्र. आकड्याला आकडा जोडला की कंदील तयार! अर्ध्या तासात तो उभाही राहिला असता, पण एक पट्टी मोडली. चिरंजीव खोक्यावरच्या चित्राकडे पाहत स्वस्थ बसले. कामटी तासून नवी पट्टी करता येते, हे त्यांच्या गावीही नव्हते.

मला ओझर आठवले. धुळ्याहून नाशिकला जाताना याच रस्त्यावर ओझर लागते. तेथला विमान कारखाना १९६४ साली मिगसाठी उभारला गेला. रशियन आराखड्यांबरहुकूम तेथे मिग बांधली गेली, पुढे सुखोईही. कामगारांचा हात बसला, यात शंका नाही. पण अमुक पट्टी इतकीच जाड का, याचे उत्तर मॉस्कोकडेच राहिले. (आमच्या वर्गात गाईड पाठ करणाऱ्यांचेही असेच होते म्हणा!)

हे 'का' आपल्याला कधीच येत नव्हते, असे मात्र नाही. वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळूरला विमान कारखाना काढला. पुढे तेथेच, जर्मनीत प्रांट्लसारख्या गुरूपाशी शिकून आलेल्या डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी शिकाऊ वैमानिकांसाठी एचटी-२ आखले. ते १९५१ साली उडाले. १९६४ साली त्यांचे 'किरण' हे जेटही उडाले. मग कोरा कागद समोर घेण्याचे प्रसंगच विरळ झाले. जुनी माणसे निवृत्त झाली, आणि कागदावर चुकत चुकत शिकण्याची संधी नव्यांना फारशी मिळाली नाही. १९७७ साली उडालेल्या एचपीटी-३२ चे इंजिन हवेत बंद पडू लागले. २००९ साली दोन वैमानिक गेले, तेव्हा ती विमाने जमिनीवर बसवली. २०१२ साली आपण स्वित्झर्लंडकडून ७५ शिकाऊ विमाने विकत घेण्याचा करार केला. एचटी-२ च्या देशाने, बरे का!

नव्या एचटीटी-४० चे पहिले उड्डाण २०१६ साली झाले. ते बांधण्याची दुसरी शाखा ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरलाच सुरू झाली. त्याचे इंजिन अजून बाहेरचेच आहे. तरी आराखडा आपला, हे ऐकून मला बरे वाटले.

इकडे मी माळ्यावरून बांबू काढला. कामटी तासून कितीतरी वर्षे झाली होती. दुसऱ्याच कामटीला बोट कापले. तेव्हा कुठे चिरंजीव खोके बाजूला सारून माझ्याजवळ येऊन बसले.