दिसते, वाटते, म्हणे

काही दिवसांपूर्वी जपानी व्याकरणाचे एक प्राथमिक पुस्तक हाती आले. जपानला जाण्याचा योग माझ्या पत्रिकेत नाही. केवळ कुतूहलाने पाने चाळत होतो, आणि पावसाच्या तीन वाक्यांपाशी थबकलो.

आभाळ भरून आलेले पाहून जपानी माणूस म्हणतो, ‘फुरिसो दा’, म्हणजे पाऊस येणारसे दिसते. हवामानाचा अंदाज ऐकून तोच माणूस म्हणतो, ‘फुरु सो दा’, म्हणजे पाऊस येणार म्हणे. फरक ‘रि’ आणि ‘रु’ एवढाच. पण पहिल्या वाक्याला डोळ्यांची साक्ष आहे, दुसऱ्याला कानांची. सकाळी अंगण ओले दिसले तर तो म्हणेल, ‘फुत्ता यो दा’, पाऊस पडून गेला असावा. इथे साक्ष तर्काची.

याहून मौज पुढेच आहे. ‘साबिशी’ म्हणजे एकटे वाटणे. हा शब्द जपानी माणूस स्वतःविषयी सरळ वापरतो. आईविषयी सांगताना मात्र तो सहसा ‘साबिशिसो’ म्हणतो, म्हणजे ती एकाकी दिसते. दुसऱ्याच्या मनात शिरून आपण पाहिलेले नाही, याची आठवण तिथे व्याकरणच करून देते.

हे वाचून मला जपान्यांचा हेवा वाटला. मग स्वतःचेच हसू आले. ही सगळी सामग्री आपल्या घरात आहे की! दिसते, वाटते, असावा, आणि सर्वांत छोटा ‘म्हणे’. आमच्या कन्नड विभागातील मित्रांना विचारा. ‘मळे बरो हागिदे’ म्हणजे पाऊस येणारसे दिसते, आणि ‘मळे बरुत्तंते’ म्हणजे पाऊस येणार म्हणे. त्यांचा ‘अंते’ आणि आपला ‘म्हणे’ दोन्ही ‘म्हणणे’ याच अर्थाच्या क्रियापदांतून आलेले. संस्कृतच्या प्राध्यापकांना तर सांगायलाच नको. बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठी पाणिनीने लिट् लकार वेगळाच सांगितला आहे.

मी मूळचा बऱ्हाणपूरचा. आमच्या गावात ‘म्हणे’शिवाय पाऊल टाकता येत नाही. असीरगडावरच्या शिवमंदिरात अश्वत्थामा रोज पहाटे फूल वाहून जातो म्हणे. मुमताज महल 1631 मध्ये बऱ्हाणपुरात वारली, आणि तिचे शव प्रथम तापीपलीकडे जैनाबादला पुरले, हा इतिहास. ताजमहाल आधी तापीकाठीच बांधायचा होता म्हणे, ही दंतकथा. माझी आजी दोन्ही गोष्टी सारख्याच रंगवून सांगे, पण दुसरीत ‘म्हणे’ घालायला कधी विसरत नसे. त्या एका शब्दाने ती शाळा न शिकताही इतिहास आणि आख्यायिका यांच्यात भिंत घालत असे.

ही भिंत एकदा मी पाडली. मी तेव्हा दहावीत होतो. आमच्या गल्लीत यंत्रमागावर काम करणारा एक माणूस बायकामुलांसह राहत असे. एके दिवशी त्याच्या कारखान्यातले सुताचे दोन गठ्ठे कमी भरले. “त्यानं नेले म्हणे,” असे मी नळावर ऐकले. वाण्याच्या दुकानात जाऊन मी सांगितले, “त्यानं सूत चोरलं.” ‘म्हणे’ मुद्दाम गाळला नव्हता, त्याच्यावाचून बातमी जरा भारदस्त वाटली, इतकेच. दोन दिवसांत त्याचे काम सुटले. पुढे गठ्ठे मोजण्यातच चूक झाल्याचे कळले, पण तोवर ते कुटुंब गल्ली सोडून गेले होते. आजीने मला एवढेच विचारले, “तू पाहिलं होतंस का? मग म्हणे म्हणायला जीभ झिजत होती?”

कोणी म्हणेल, ‘म्हणे’ हीच तर अफवेची ढाल! “मी कुठं म्हटलं? लोक म्हणतात,” असे सांगून माणूस नामानिराळा होतो. आक्षेप खरा आहे. नळावरच्या त्या वाक्यात ‘म्हणे’ होताच, आणि त्यामुळे ते वाक्य निर्दोष ठरत नाही. परंतु ‘म्हणे’ असला की ऐकणाऱ्याला “कोण म्हणतं?” असे विचारायला जागा राहते. “चोरलं” म्हटले की ती जागाच बुजते. माझ्या वाक्याने दुकानात कोणीच काही विचारले नाही, हे मला अजून आठवते.

आज आपल्या हाती मोबाइल आहे. नळावरून दुकानापर्यंत जायला मला पाच मिनिटे लागली होती. आता तेवढ्यात मजकूर हजारोंपर्यंत पोचतो, आणि त्या प्रवासात सर्वांत आधी गळतो तो ‘म्हणे’. वक्तृत्वाच्या व्यासपीठावरही आपण ठासून बोलणाऱ्याला टाळ्या देतो. “मला असं दिसतं” म्हणणारा बिचारा कच्चा ठरतो. माझ्या मते परीक्षकांनी त्याला दोन गुण अधिक द्यावेत. कारण आपल्याला किती माहीत आहे, हे त्याला माहीत आहे.

व्याकरणाच्या तासाला आपण काळ आणि विभक्ती घोकतो. एक तास दिसते, वाटते आणि म्हणे यांच्यासाठी काढायला काय हरकत आहे? त्यासाठी जपानी शिकण्याची गरज नाही. मला मात्र आजीचा धडा पुन्हा ऐकायला जपानी पुस्तक उघडावे लागले, हे कबूल केले पाहिजे.